चेंडू दिसतो, पण बॅट वेळेवर लागत नाही

या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांत एकच खेळ पुन्हा पुन्हा डोकावतो: कॅसेटवाल्या व्हिडिओगेमवरचा बेसबॉल, जो आता एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, खेळला जातो. प्रश्न निरनिराळे असले तरी बहुतेकांचे मूळ वेळेच्या हिशेबात आहे. पळण्या-उडी मारण्याच्या खेळात दोन-चार फ्रेमचा (फ्रेम म्हणजे पडद्यावरचे एकेक चित्र) उशीर खपून जातो. बेसबॉलमध्ये बॅट-चेंडूची गाठ पडायला मोजक्याच फ्रेम मिळतात, आणि जुळणी जराशी चुकली तरी स्ट्राइक पडतो (तीन स्ट्राइक झाले की बाद). म्हणून काही उत्तरे लांबली आहेत.

लहानपणी टीव्हीला जोडायच्या व्हिडिओगेमवर बेसबॉल छान जमायचा. आता लॅपटॉपवर तोच खेळ लावला, तर चेंडू अंगावर धावून येतो. हात मंदावला, की खेळच वेगात चालतोय?
– वाचक, कोपरखैरणे

हाताला दोष देऊ नका. खेळ खरोखरच तुमच्या आठवणीतल्यापेक्षा वेगात चालतो आहे, आणि गंमत म्हणजे आताचा वेग बरोबर आहे.

हे खेळ जपान आणि अमेरिकेतल्या एनटीएससी टीव्हींसाठी लिहिलेले होते. निन्टेन्डोचा फॅमिकॉम तिथे सेकंदाला ६०.१ फ्रेम दाखवायचा. आपल्याकडचे टीव्ही पॅल पद्धतीचे, ५० हर्ट्झचे. त्यामुळे इथे विकल्या गेलेल्या अनेक क्लोन, म्हणजे नक्कल केलेल्या, यंत्रांत ५० फ्रेमवर चालणाऱ्या चिप असत. खेळाचा सगळा हिशेब फ्रेमवर चालतो, सेकंदावर नाही. समजा, पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) हातून सुटलेला चेंडू ४५ फ्रेममध्ये फलंदाजापुढच्या प्लेटवर पोचतो. मूळ यंत्रावर त्याला ०.७५ सेकंद लागतात, ५० फ्रेमच्या क्लोनवर ०.९ सेकंद. हा दीडशे मिलिसेकंदांचा फरक तुमच्या बोटांत मुरलेला आहे.

जुना वेग हवा असेल तर एम्युलेटरच्या रीजन या सेटिंगमध्ये जा. मेसेन, एफसीईयूएक्स, तसेच रेट्रोआर्क या अनेक एम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या प्रोग्राममधले नेस्टोपिया आणि एफसीईयूएमएम हे कोअर (त्यातले एकेक एम्युलेटर), या सगळ्यांत ऑटो, एनटीएससी, पॅल आणि डेंडी असे पर्याय मिळतात. पॅल नको, डेंडी निवडा. दोन्ही ५० फ्रेमचेच, पण युरोपातल्या पॅल यंत्राचा प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झवर चालतो, मूळ यंत्राचा १.७९ वर. म्हणून पॅलवर संगीत संथ तर होतेच, शिवाय सूर साधारण ७ टक्के खाली उतरतो. डेंडी प्रकारच्या क्लोनचा प्रोसेसर १.७७ वर चालतो, त्यामुळे सूर जवळजवळ जागेवर राहतो आणि फक्त लय मंदावते. आपल्याकडच्या क्लोनवर ऐकलेली धून बहुधा अशीच असते.

डेंडी लावल्यावर चित्र अधूनमधून अडखळेल, कारण ६० हर्ट्झच्या पडद्यावर ५० फ्रेम दाखवताना दर पाचवी फ्रेम दोनदा दाखवावी लागते. टीव्हीला जोडले असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ५० करून पाहा. बहुतेक टीव्ही तो स्वीकारतात.

एक तपासणी मात्र आधी करा. एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, दाखवणारा आकडा चालू ठेवा. तिथे ६० च्या आसपास (डेंडी लावले असेल तर ५०) दिसायला हवे. ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर ऑडिओ सिंक बंद राहिले असेल तर खेळ मॉनिटरच्या तालावर ७५ ने पळतो, आणि मग कुणाचीच बॅट लागणार नाही. तसे असेल तर ऑडिओ सिंक चालू करा.

लॅपटॉप ४३ इंची टीव्हीला एचडीएमआयने जोडला आहे, कंट्रोलर ब्लूटूथचा. बटण वेळेवर दाबूनही बॅट नेहमी उशिरा फिरते. लॅपटॉपच्या पडद्यावर इतका त्रास होत नाही.
– वाचक, नौपाडा, ठाणे

शेवटच्या वाक्यातच निम्मे निदान आहे: मोठा उशीर टीव्हीत होतो आहे. नवे टीव्ही आलेले चित्र आधी गुळगुळीत करतात, कडा धारदार करतात, मधल्या फ्रेम स्वतः बनवतात आणि मग दाखवतात. एक फ्रेम १६.६ मिलिसेकंदांची. टीव्हीने १०० मिलिसेकंद घेतले तर तुम्ही सहा फ्रेम जुना चेंडू बघून बटण दाबत आहात.

टीव्हीच्या पिक्चर मोडमध्ये गेम मोड लावा. तो सापडला नाही तर इनपुटच्या यादीत त्या एचडीएमआय पोर्टचे नाव बदलून ‘पीसी’ ठेवा. काही टीव्ही एवढ्यावरही सगळी प्रक्रिया बंद करतात. मधल्या फ्रेम बनवणारे मोशन स्मूदिंग वेगळे बंद करावे लागते. मग कंट्रोलर यूएसबी केबलने जोडा. ब्लूटूथ इअरफोन वापरत असाल तर तेही काढा. त्यांचा आवाज चटकन जाणवेल इतका मागे पडतो, आणि पिचरचा चेंडू सुटल्याच्या आवाजावर बॅट फिरवायची सवय असेल तर तोच आवाज फसवतो.

इतके केल्यावर किती उशीर उरला हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. बऱ्याच फोनच्या कॅमेऱ्यात २४० फ्रेमचे स्लो मोशन असते. बोट आणि टीव्ही दोन्ही चौकटीत येतील असा फोन टेकवून ठेवा, बॅट्समन क्रीजमध्ये उभा असताना ए बटण चार-पाच वेळा दाबा आणि व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहा. बटण तळाला टेकलेल्या फ्रेमपासून बॅट हललेल्या फ्रेमपर्यंत मोजायचे. कॅमेऱ्याची प्रत्येक फ्रेम ४.२ मिलिसेकंदांची. मोजणी २४ आली तर उशीर १०० मिलिसेकंदांचा, १२ आली तर ५० चा. पन्नासच्या खाली आलात की खेळण्याजोगे झाले.

त्याहून खाली यायचे तर रेट्रोआर्क हाताशी घ्या. व्हिडिओत थ्रेडेड व्हिडिओ बंद हवे. ड्रायव्हर जीएल असेल तर लेटन्सीमध्ये हार्ड जीपीयू सिंक चालू करून फ्रेम शून्य ठेवा. ऑडिओ लेटन्सी ६४ वरून ३२ वर आणा. आवाज फाटू लागला तर ४८ वर थांबा.

खरी करामत रन-अहेडची. मूळ खेळही बटण दाबल्याबरोबर त्याच फ्रेमला बॅट फिरवत नाही, एक-दोन फ्रेम तो स्वतःच घेतो. रन-अहेड तेवढ्या फ्रेम आधीच पुढे चालवून पाहतो आणि तो उशीर गिळतो. पण आकडा मोजूनच घालायचा. बॅट्समन उभा असताना पी दाबून खेळ थांबवा. ए बटण दाबून धरा, सोडू नका. आता के दाबत एकेक फ्रेम पुढे जा. तिसऱ्या वेळी बॅट हलली तर त्यातून एक वजा करून रन-अहेड २ ठेवा. दुसऱ्याच वेळी हलली तर १. जास्त ठेवला की बॅट फिरण्याची पहिली चित्रे गायब होतात, आणि बॅट खांद्यावरून थेट समोर आल्यासारखी दिसते. आवाजात टकटक येऊ लागली तर त्याच पानावरचा सेकंड इन्स्टन्स पर्याय वापरा. फार जुन्या लॅपटॉपवर तो जड जाईल.

क्रम मात्र हाच ठेवा. टीव्ही तसाच ठेवून रन-अहेड वाढवत नेणारे बरेच जण असतात, आणि खेळ बिघडला म्हणून वैतागतात.

फिल्डिंग करताना पहिल्या बेसकडे टाकलेला चेंडू दुसऱ्याकडे जातो. शिवाय ए दाबले की बी चालते. कंट्रोलर खराब आहे का?
– वाचक, ऐरोली

दुसरी तक्रार कंट्रोलरची नाही. रेट्रोआर्क बटणांची नावे बघत नाही, जागा बघतो. निन्टेन्डोचे ए उजवीकडे असते, एक्सबॉक्स धर्तीच्या कंट्रोलरवर ए खाली असते आणि उजवीकडे बी. त्यामुळे तुमचे खालचे ए निन्टेन्डोचे बी ठरते. एफ-१ दाबा, कंट्रोल्समधल्या पोर्ट १ मध्ये दोन्ही बटणे अदलाबदल करा आणि खाली सेव्ह कोअर रिमॅप फाइल करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा तेच.

पहिली तक्रार दिशाबटणाची. त्या काळच्या बहुतेक बेसबॉल खेळांत दिशाबटण म्हणजे मैदानाचा नकाशाच: उजवीकडे पहिला बेस, वर दुसरा, डावीकडे तिसरा, खाली होम. दिशा धरून ए दाबले की चेंडू तिकडे जातो. स्वस्त कंट्रोलरमध्ये गोल चकती असते. उजवीकडे दाबताना ती किंचित वरही कलते, आणि खेळाने ‘वर’ आधी वाचले तर चेंडू दुसऱ्या बेसला. विंडोजच्या यूएसबी गेम कंट्रोलर सेटअपमध्ये चकतीची दिशा दिसते. तिथे सावकाश उजवीकडे दाबून पाहा. तिरकी दिशा दिसली तर अधिक चिन्हासारखे दिशाबटण असलेला कंट्रोलर घ्या. ॲनालॉग स्टिकने फेकणे टाळाच, तिथे तिरके जाणे आणखी सोपे.

कीबोर्डवर खेळणाऱ्यांसाठी: काही स्वस्त कीबोर्डवर दोन बाण आणि एक अक्षर एकत्र दाबले की तिसरी कळ उमटत नाही. बटणे वेगळ्या अक्षरांवर नेली की बहुधा सुटते.

बेसबॉल स्टार्समध्ये स्वतःचा संघ बनवून निम्मा सीझन खेळलो. एका रात्री वीज गेली. दुसऱ्या दिवशी जुनी सेव्ह स्टेट उघडली, तर संघ पंधरा दिवसांपूर्वीचा.
– वाचक, खारघर

एसएनकेचा हा १९८९ चा खेळ स्वतःचा संघ बनवू देतो, सामन्यांतून मिळालेल्या पैशांनी खेळाडू सुधारू देतो आणि हे सगळे कॅसेटमधल्या बॅटरीवर टिकवतो. म्हणूनच तो इतका जीव लावतो, आणि म्हणूनच गेल्यावर इतका लागतो.

एम्युलेटरमध्ये साठवणीचे दोन वेगळे मार्ग आहेत आणि ते एकमेकांवर कुरघोडी करतात. पहिला म्हणजे खेळाची स्वतःची बॅटरी-स्मृती, जी रेट्रोआर्कमध्ये एसआरएम फाइलमध्ये जाते. दुसरा सेव्ह स्टेट, म्हणजे एफ-२ दाबल्याक्षणी यंत्राच्या साऱ्या स्मृतीचे छायाचित्र. या छायाचित्रात बॅटरी-स्मृतीही असते. पंधरा दिवस जुने छायाचित्र उघडले की बॅटरीतला आजचा संघ पुसून पंधरा दिवसांपूर्वीचा बसतो, आणि खेळ बंद करताच तोच फाइलमध्ये लिहिला जातो.

वीज गेली तेव्हा दुसरा घाव बसला. एसआरएम फाइल एरवी खेळ नीट बंद केल्यावरच लिहिली जाते. फोनवर ॲप सरकवून काढून टाकणे हीसुद्धा वीज जाण्यासारखीच गोष्ट आहे. सेटिंगमधल्या सेव्हिंगमध्ये सेव्हरॅम (म्हणजे तीच बॅटरी-स्मृती) ऑटोसेव्ह इंटरव्हल १० सेकंद ठेवा. तिथेच सेव्ह स्टेट उघडताना सेव्हरॅमवर लिहू नये असा पर्याय आहे, तो चालू करा. सीझन खेळताना सेव्ह स्टेट शक्यतो नकोच. सामना संपला, खेळाने स्वतः नोंद केली, मग मेनूतून क्लोज कंटेंट. दर आठवड्याला एसआरएम फाइलची तारीख घालून एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा. ती काही किलोबाइटचीच असते. दुसऱ्या एम्युलेटरवर जायचे झाले तर हीच फाइल कामी येते, बहुतेकदा शेवट एसआरएमऐवजी एसएव्ही असा बदलून. सेव्ह स्टेट मात्र दुसऱ्या एम्युलेटरमध्ये उघडत नाही, कधी त्याच एम्युलेटरच्या नव्या आवृत्तीतही नाही.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर खेळत असाल तर अचानक वीज गेल्याने मेमरी कार्डच बिघडू शकते. प्रत तिथेच त्या कार्डावर ठेवू नका.

तुमचा पंधरा दिवसांचा खेळ परत मिळण्याची एकच शक्यता आहे: बॅकअप घेणारे एखादे क्लाउड ॲप त्या फोल्डरवर चालू असेल तर फाइलच्या जुन्या आवृत्त्या तपासा.

फोनवर खेळताना उंच उडालेल्या चेंडूची सावली दिसत नाही, आणि खेळाडू एका रांगेत आले की लुकलुकतात.
– वाचक, घोडबंदर रोड

लुकलुकणे मूळ यंत्राचेच. फॅमिकॉमला एका आडव्या ओळीवर फक्त ८ स्प्राइट (हलत्या चित्रांचे छोटे तुकडे) दाखवता येत. एकेक खेळाडू दोन-तीन स्प्राइट रुंद असतो, त्यामुळे तीन-चार जण एका ओळीत आले की मर्यादा संपते आणि खेळ त्यांना आळीपाळीने दाखवतो. कोअर ऑप्शन्समध्ये स्प्राइट लिमिट काढून टाका. बेसबॉलमध्ये त्याने काही बिघडत नाही.

सावलीचे कारण वेगळे. काही खेळ सावली एक सोडून एक फ्रेमला काढतात, म्हणजे डोळ्याला ती अर्धपारदर्शक वाटते. एम्युलेटरमध्ये फ्रेमस्किप १ असेल तर तो नेमक्या त्याच फ्रेम गाळतो आणि सावली नाहीशी होते. फ्रेमस्किप शून्य करा. सावलीविना उंच झेल पकडणे जवळपास अशक्य, कारण चेंडू कुठे पडणार ते तीच सांगते.

वाशीतल्या एका दुकानात दहा हजार खेळ भरलेला पेनड्राइव्ह मिळतो. घ्यावा का? नाहीतर खेळ आणायचे कुठून?
– वाचक, वाशी

घेऊ नका. एम्युलेटर कायदेशीर आहेत, मेसेन आणि रेट्रोआर्क तर खुल्या स्रोताचे आणि फुकट आहेत. खेळांचे तसे नाही. दुकानातून खेळ दिसेनासा झाला म्हणून त्याचा कॉपीराइट संपत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२(१)(एए) संगणक प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे त्याला हानीपासून बचावासाठी बॅकअप घेऊ देते. दुसऱ्याने विकलेल्या दहा हजार फायली त्यात बसत नाहीत. शिवाय अशा संग्रहांत हेडर (फाइलच्या सुरुवातीची ओळख-माहिती) चुकलेल्या फायली फार, त्या उघडल्या की नुसता करडा पडदा दिसतो.

विकत घ्यायचाच असेल तर बेसबॉल स्टार्स २, एसएनकेच्याच निओजिओ यंत्रावरचा १९९२ चा खेळ, स्टीम या ऑनलाइन दुकानात अधिकृतपणे मिळतो आणि एम्युलेटरची जुळवाजुळव न करता चालतो. या मालिकेत सुरुवात करायला तो उत्तम.

घरात जुनी कॅसेट असेल तर यूएसबी कार्ट्रिज रीडरने तिची प्रत काढता येते. घेताना पिना बघा: आपल्याकडच्या आणि जपानी कॅसेट ६० पिनांच्या, अमेरिकी ७२ च्या. खाडीकाठच्या दमट हवेत पिनांवर काळपट थर चढतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कानाच्या काडीवर घेऊन पुसा, वाळू द्या, पुन्हा पुसा. सँडपेपर लावू नका, वरचा मुलामा निघून जातो. आणि फुंकर मारून लावायची जुनी सवय सोडा, त्यातल्या ओलाव्याने गंजच चढतो. प्रत काढल्यावर आकार पाहा. निन्टेन्डोचा १९८३ चा बेसबॉल हेडरसह २४,५९२ बाइटचा भरतो. तुमच्याकडे वेगळाच आकडा आला तर पिना पुन्हा पुसून पुन्हा वाचा. दोनदा वाचून दोन्ही फायली सारख्या आल्या तरच प्रत खरी.

क्रिकेट कळते, बेसबॉल नाही. पहिल्या पाच डावांत एकही रन होत नाही.
– वाचक, कळवा

क्रिकेटची एक सवय आधी मोडा: प्रत्येक चेंडू खेळायचा नसतो. प्लेटबाहेरचे चार चेंडू सोडले की पहिला बेस फुकट. सुरुवातीचा अख्खा एक डाव बॅट न फिरवता काढा आणि संगणक कुठे टाकतो ते नुसते पाहा.

मैदान चौफेर नसते, ९० अंशांचेच असते. त्याबाहेर गेलेला फटका फाऊल, म्हणजे दोन स्ट्राइकपर्यंत स्ट्राइकच. उजव्या हाताच्या फलंदाजाने लवकर बॅट फिरवली तर चेंडू डावीकडे, उशिरा फिरवली तर उजवीकडे. सगळे फटके डावीकडे फाऊल जात असतील तर तुम्ही घाई करत आहात.

धावताना सगळ्यात महाग पडते ती उंच चेंडूवर पळण्याची चूक. झेल घेतला गेला तर धावपटूने मूळ बेसला परत टेकायचे असते. तो पुढे निघून गेला तर एकाच चेंडूवर दोघे बाद. उंच गेला तर थांबा, जमिनीवरून गेला तर पळा. फिल्डिंगमध्ये शंका आली की पहिल्या बेसला फेका.

सरावासाठी सेव्ह स्टेट सोन्यासारखी आहे. पिचर तयारीत उभा असताना एफ-२, मग चेंडू खेळा, चुकला की एफ-४. तोच क्षण हवा तितक्या वेळा परत येतो. नामकोचा १९८६ चा फॅमिली स्टेडियम किंवा त्यावरून अमेरिकेत १९८८ साली निघालेला आर. बी. आय. बेसबॉल घ्या. निन्टेन्डोच्या १९८३ च्या खेळात क्षेत्ररक्षक आपोआप पळतात, तुम्ही फक्त फेकता. त्यामुळे तिथे शिकलेली फिल्डिंग पुढे उपयोगी पडत नाही. जपानी कॅसेटमध्ये खेळाडूंची नावे जपानी लिपीत आहेत, ती वाचता आली नाहीत तरी अडत नाही.

भाऊ बेलापूरला, मी माजिवड्याला. दोघांना एकमेकांविरुद्ध खेळायचे आहे, पण जोडणी होत नाही.
– वाचक, माजिवडा

रेट्रोआर्कच्या नेटप्लेत, म्हणजे इंटरनेटवरून एकत्र खेळण्याच्या सोयीत, तीन गोष्टी दोन्हीकडे तंतोतंत सारख्या हव्यात: कोअर, कोअरची आवृत्ती आणि खेळाची फाइल. त्या जुळूनही जोडणी होत नसेल तर ब्रॉडबँड कंपनी तुम्हाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाही असे समजा. अशा वेळी राउटरवर ५५४३५ हे पोर्ट उघडून काहीच होत नाही. होस्ट करताना रिले सर्व्हर (दोघांना जोडणारा मधला संगणक) वापरा हा पर्याय लावा आणि यादीतला आपल्याला सर्वांत जवळचा निवडा. दोघांनी रन-अहेड बंद ठेवावे आणि शक्य असेल तर वायफायऐवजी लॅन केबल लावावी. फलंदाजी करणाऱ्याला चेंडू उड्या मारत आल्यासारखा दिसला तर नेटप्लेच्या सेटिंगमध्ये इनपुट लेटन्सी फ्रेम एकेक करून वाढवा, दोनच्या पुढे मात्र नको.